शेल बदला, पण लॉगिन सांभाळून!

"मॅकवर झी-शेल, ऑफिसच्या सर्व्हरवर बॅश, मग मी वापरू कुठला?" आजचा विषय एवढाच. डोंबिवलीहून लोकल पकडली असेल, तर ठाणं यायच्या आत संपेल.

आधी एक गोंधळ मिटवू. स्टेशनची तिकीट खिडकी आठवा. काच म्हणजे टर्मिनल आणि काचेमागे बसून तुमचं ऐकणारा माणूस म्हणजे शेल. काच तीच ठेवून माणूस बदलता येतो.

कुठला घ्यायचा?
बॅश १९८९चा, ब्रायन फॉक्सने ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर हाच भेटतो, म्हणून नोकरीसाठी शिकत असाल तर सुरुवात इथून. झी-शेल १९९०चा. बॅशची सवय बरीचशी चालते, वर टॅब दाबल्यावर मदत जास्त मिळते. अ‍ॅपलने २०१९ला कॅटालिनापासून नव्या अकाउंटसाठी तोच डिफॉल्ट केला. फिश टाइप करतानाच सजेशन देतो, पण त्याची भाषा वेगळी आहे. नेटवरून कॉपी केलेल्या बॅशच्या ओळी कधीकधी तिथे अडतात.

बदलायचा कसा?
लगेच बदलू नका, आधी चालवून बघा. इन्स्टॉल करा, शेलचं नाव टाइप करून एंटर मारा. नाही आवडला तर एक्झिट. काही बिघडत नाही.

आवडला तर कमांड आहे सी-एच-एस-एच, मग डॅश एस, मग शेलचा पूर्ण पाथ. तो पाथ स्लॅश ईटीसी स्लॅश शेल्स या फाइलमध्ये असायला हवा, नाहीतर साध्या युजरला नकार मिळतो. बदल पुढच्या लॉगिनला दिसतो. लॅपटॉप नाही? अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये हेच करा, तिथे पाथऐवजी नुसतं नाव पुरतं.

"माझ्या स्क्रिप्ट मोडतील का?" पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि बॅशचा पाथ असेल, आणि स्क्रिप्ट थेट चालवत असाल, तर ती बॅशमध्येच चालते.

खरा धोका कुठे?
समजा सर्व्हरवर फिश लावला आणि नंतर कोणीतरी त्याचं पॅकेज काढून टाकलं. आता लॉगिन झाल्यावर उघडायला शेलच नाही. पासवर्ड बरोबर, तरी तुम्ही बाहेर! म्हणून तीन गोष्टी पाळा. रूटचा शेल बदलू नका. पॅकेज काढण्याआधी शेल परत बॅशवर आणा. आणि बदल केल्यावर जुनी विंडो उघडी ठेवून दुसरीकडून लॉगिन करून बघा. आत गेलात, की मगच जुनी बंद करा.

तुम्ही कुठला निवडला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!