पायाच्या ओळी आणि न दिसणारं लाकूड: वॉरम पर्सीची गोष्ट



पेटची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहिताना 'डेटा' आणि 'इंटरप्रिटेशन' हे शब्द आपण सर्रास एकाच दमात वापरतो. त्यांच्यात अंतर किती असू शकतं, हे मला माझ्या विज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा एका इंग्लिश खेड्याने जास्त नीट शिकवलं, म्हणून आज थोडं विषयाबाहेर जातोय.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर परगण्यात, खडूच्या दगडाच्या टेकड्यांमध्ये वॉरम पर्सी नावाचं उजाड गाव आहे. आज तिथे बिनछपराचं चर्च आणि गवताखाली घरांचे उंचवटे एवढंच दिसतं. माणसं इथे लोहयुगापासून शेती करत होती, रोमन काळातही इथे शेतवाड्या होत्या. पुढे सॅक्सन वस्ती झाली आणि १०८६च्या डूम्सडे नोंदीत वॉरमचं नाव आलं. मध्ययुगात घरांच्या सरळ रांगा आखून गाव वसवलं गेलं. 'पर्सी' हे तिथल्या जमीनदार घराण्याचं नाव.

गाव ओस कसं पडलं? बहुतेक जण पटकन म्हणतात, १३४८-४९ची प्लेगची साथ. पण साथीनंतरही गाव शंभरहून जास्त वर्षं नांदत होतं. लोकरीला भाव आला, नांगराच्या शेतीपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या आणि १५००च्या सुमारास उरलेल्या चार कुटुंबांनाही बाहेर काढण्यात आलं. दोन घटना मागेपुढे घडल्या की पहिलीला कारण ठरवायची आपली खोड जुनीच आहे.

खरी गंमत घरांची आहे. १९५० साली आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफोर्ड यांनी इथे खणायला सुरुवात केली. लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले आणि दर उन्हाळ्यात थोडं थोडं करत हे काम १९९०पर्यंत चाललं. चाळीस वर्षं! (आपण सहा महिन्यांच्या एक्स्टेन्शनसाठी रडतो.) एकेका घराच्या जागी त्यांना भिंतींचे पाये एकावर एक सापडले, दर वेळी थोडे सरकलेले, दिशाही बदललेली. निष्कर्ष सरळ वाटत होता: घरं तकलादू होती, पिढी-दोन पिढ्यांत पडायची, मग नवी बांधायची. मध्ययुगीन शेतकरी म्हणजे झोपडीत राहणारा दरिद्री माणूस, हे चित्र त्यातून आणखी पक्कं झालं.

१९८९मध्ये स्टुअर्ट रॅथमेल यांनी याच खोदकामाच्या नोंदी पुन्हा तपासून वेगळं वाचन मांडलं. त्यांचा प्रश्न साधा होता: छपराचा भार भिंतीवर होता हे कुणी ठरवलं? त्या काळी इंग्लंडमध्ये घर बांधायची एक पद्धत होती. वाकडं झाड उभं चिरून दोन जुळे, बाकदार वासे काढायचे, ते समोरासमोर उभे करून वर जोडायचे आणि त्यावर आढं टाकायचं. अशा जोड्यांची रांग सगळं छप्पर पेलते. भिंत फक्त वारा-पाऊस अडवायला. ती ढासळली की त्याच सांगाड्याखाली, हातभर इकडे किंवा तिकडे, दुसरी घालता येते. म्हणजे पाये पाच मिळाले तर घरं पाच होती असं नाही. एकच घर पाच वेळा डागडुजी करून पिढ्यान् पिढ्या उभं असू शकतं.

अडचण एवढीच की लाकूड कुजतं, दगड उरतो. जे उरलं त्यालाच सगळं समजलं गेलं.

आणि यात शेतकऱ्याचं चित्रच बदललं. अशा सांगाड्याला मोठं लाकूड लागतं, जाणता सुतार लागतो, म्हणजे गाठीशी पैसा हवा. ते घर मुलाच्या हाती सोपवण्याजोगं होतं. तीच माती, तेच दगड, त्याच नोंदी, आणि दरिद्री झोपडीवाल्याच्या जागी घरदार असलेला कास्तकार उभा राहिला.

माझ्याकडेही एक छोटा पीक होता, जो दर रीडिंगमध्ये यायचा. वर्षभर मी त्याला भांड्याची घाण म्हणून सोडून दिलं. वॉरमबद्दल वाचल्यावर जुन्या वह्या काढल्या, भांडी बदलून सॅम्पल पुन्हा चालवलं. पीक अजूनही तिथेच आहे. गाईडला सोमवारी दाखवणार आहे.