पर्यवेक्षक म्हणजे कॉपी पकडणारा नव्हे

ऑक्युपेशनल थेरपिस्टना नियमित सुपरव्हिजन हवे, असे म्हटले की ठरलेले उत्तर येते: 'ज्यांना काम जमत नाही, त्यांना लागते ते!' थोडा दोष शब्दाचाही आहे. पर्यवेक्षक म्हटले की परीक्षेच्या वर्गात बाकांमधून फिरणारा माणूसच आठवतो. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामे सांगितली: दर्जा राखणे, कौशल्य वाढवणे आणि रोज दुसऱ्याचे दुःख हाताळून थकलेल्याला सावरणे. देखरेख आली तर पहिल्यात, तीही थोडी. 'मग साहेबच करतील की' ही काटकसर म्हणूनच फसते. जो गोपनीय अहवाल लिहितो, त्याच्यापुढे 'या रुग्णाबाबत माझे चुकले' असे कोण म्हणेल? 'पण रुग्णाला काय मिळते?' हा आक्षेप मात्र रास्त आहे. स्नोडन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा आढावा सांगतो की उपचारांची पद्धत सुधारते. प्रकृतीवर थेट परिणाम होतो याचे पुरावे तोकडे आहेत. मार्टिन आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या आढाव्यात चांगल्या सुपरव्हिजनचा संबंध कमी मानसिक थकव्याशी आणि कर्मचारी टिकण्याशी दिसला. हाताला वळण लागलेला थेरपिस्ट टिकला, तर लाभ रुग्णाचाच.

दुसरा गैरसमज अधिक सभ्य दिसतो: रुग्णाच्या संस्कृतीचे भान म्हणजे सणवार आणि पथ्यपाण्याची यादी पाठ करणे. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी हा चष्माच उलटा केला. त्यांच्या मांडणीत उपचार सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित होते की नाही, हे रुग्ण ठरवतो; उपचार करणाऱ्याने तपासायची ती स्वतःची गृहीतके. १९९२ मध्ये तिथल्या परिचर्या परिषदेने हा विचार शिक्षणात आणला. पण स्वतःची गृहीतके एकट्याला दिसत नाहीत, आणि इथेच सुपरव्हायझर लागतो. रोजची कामे रुग्ण स्वतः किती करतो हे मोजणारा १९६५ चा बार्थेल निर्देशांक घ्या: स्वतः जेवता येण्याचे पूर्ण गुण देताना मूळ सूचनांत अन्न कापणे, मीठ-मिरपूड घेणे, लोणी लावणे यांचा उल्लेख आहे. पक्षाघातानंतर एका हाताने भाकरी मोडून पिठल्याला लावणाऱ्या आजी इथे कुठे बसवायच्या? आणि सून अंघोळ घालते ते परावलंबन, की त्या घरातले नाते? उत्तर कोष्टकात नाही. सुपरव्हायझरने ते द्यायचेही नसते. 'हे आजींना विचारलेस का?' एवढेच विचारायचे असते.