सौताड्याच्या दरीत जोडीने मुक्काम? तंबू ठोकण्याआधी हे वाचा

पाटोदा : पावसाळा लागला की सौताड्याचा धबधबा बघायला गर्दी होते. विंचरणा नदी इथे बालाघाटाच्या कड्यावरून दरीत कोसळते, खाली रामेश्वराचं मंदिर आहे. नवरा-बायकोने शनिवारी तंबू घेऊन यावं, रविवारी परतावं, अशी ही जागा. हौस चांगलीच, पण तंबूची जागा चुकली तर जिवावर बेततं.

कारण दरीत थेंब पडला नाही तरी पाणी वाढू शकतं. वर पठारावर जोराचा पाऊस झाला, की तेच पाणी लोंढ्यासारखं खाली येतं. लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही भरदिवसा. रात्री झोपेत तर कळणारही नाही.

मग काय करायचं?

• मुक्काम चालतो का, हे आधी गावात आणि वन विभागाकडे विचारा.
• तंबू पात्रात किंवा वाळूवर नको. झुडपांना काडीकचरा अडकलेला दिसला, तर पूर तिथवर येतो समजा. त्याच्या बराच वर थांबा.
• कड्याच्या अगदी खाली नको, दगड सुटतात.
• पाणी गढूळ झालं, आवाज वाढला, की सामान सोडून वर निघा.
• तंबूत शेगडी पेटवू नका. विषारी वायूने जीव जातो.
• विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा. संकटात ११२ लावा.

आणि गावकऱ्यांनो, पात्रात तंबू दिसला तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणू नका. पाणी कुठवर चढतं, ते पाहुण्यांना ठाऊक नसतं, तुम्हाला असतं.