खंडौष्ठ व खंडतालू : उपचारसेवांचा वापर

गर्भावस्थेत ओठाचे वा टाळूचे भाग एकमेकांस न जुळल्यामुळे राहणाऱ्या जन्मजात फटीस अनुक्रमे खंडौष्ठ व खंडतालू म्हणतात. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकात ही विकृती आढळते.

तिचा उपचार एका शस्त्रक्रियेने संपत नाही. सामान्यतः ओठ ३ ते ६ महिन्यांच्या व टाळू ९ ते १८ महिन्यांच्या वयात शिवतात. पुढे श्रवणतपासणी, वाचोपचार, सुमारे ८ ते ११ वर्षांच्या वयात हिरडीच्या फटीत अस्थिरोपण, दंतनियमन आणि वाढ पूर्ण झाल्यावर गरजेनुसार जबड्याची शस्त्रक्रिया करतात.

सेवांचा वापर मात्र सर्व टप्प्यांवर सारखा नसतो. भारतात पूर्वी अनेक रुग्ण मोठेपणीच शस्त्रक्रियेस येत. पुढे धर्मादाय संस्थांच्या साहाय्याने अनेक रुग्णालयांत मोफत शस्त्रक्रिया होऊ लागल्या. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकृतीचा समावेश असल्याने प्रसूतिस्थाने, अंगणवाड्या व शाळा येथील तपासणीतून बालके उपचारांकडे पाठविली जातात. केवळ टाळूची फट बाहेरून दिसत नसल्याने तिचे निदान लांबू शकते.

ओठाचे व्यंग दिसेनासे झाले, की उपचार पूर्ण झाल्याचा पालकांचा समज होतो. प्रवासखर्च व बुडणारी मजुरी यांमुळेही वाचोपचाराच्या फेऱ्या चुकतात. परिणामी टाळू शिवूनही काही मुलांचे उच्चार सानुनासिक व अस्पष्ट राहतात आणि शाळेत ती मागे पडतात. म्हणून सेवेचे यश शस्त्रक्रियांच्या संख्येइतकेच पुढील उपचारांतील सातत्यावरही मोजणे आवश्यक ठरते.