कवठाला वर्षातून एकच दिवस का?

महाशिवरात्र तोंडावर आली की मराठवाड्यातल्या बाजारांत कवठं दिसू लागतात. उपवासाच्या ताटात त्याची चटणी पडते आणि पारणं झालं की वर्षभर कुणी कवठाचं नाव काढत नाही. बीडकर ज्याला धाकटी पंढरी म्हणतात त्या नारायणगडासारख्या कोरड्या, मुरमाड मुलखाला मानवणारं हे झाड आपण एका तिथीपुरतं ठेवलं, यात नुकसान आपलंच आहे.

कवठ लिंबाच्या कुळातलं. बेल आणि मोसंबी त्याचे भाऊबंद. पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो, फांद्यांना सरळ, तीक्ष्ण काटे असतात. ते मूळचं भारत आणि श्रीलंकेतलं, त्यामुळे इथलं ऊन त्याच्या सवयीचं. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालूनही मराठवाड्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. कवठाला असं जपावं लागत नाही; एकदा मूळ धरलं की ते फारसं पाणी मागत नाही. त्याला हवा असतो तो धीर. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला पंधरा वर्षंही लागतात. डोळा भरून किंवा कलम बांधून केलेलं झाड त्याच्या कितीतरी आधी फळतं.

फळ चेंडूएवढं, पांढुरकं, कवच लाकडासारखं टणक. पिकलंय की नाही हे रंगावरून कळत नाही. वीतभर उंचीवरून फरशीवर सोडून पाहायचं. उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलेलं. देठाशी नाक नेलं तर आंबूस-गोड वास यायला हवा. कच्चं निघालं तर काही दिवस उन्हात ठेवायचं. मग दगडावर किंवा वरवंट्यानं फोडलं की आत तपकिरी, धाग्याधाग्यांचा गर आणि त्यात रुतलेल्या बारीक बिया.

चटणीसाठी चमच्यानं गर खरवडून घ्यायचा, धागे काढून टाकायचे. गर जितका आंबट, तितका गूळ. मग भाजलेले जिरे, लाल तिखट आणि मीठ घालून पाट्यावर वाटायचं. घटकाभर मुरू दिली की गूळ सुटतो आणि चटणी चकचकीत होते. उपवासाच्या भगरीबरोबर ती जितकी चांगली लागते, तितकीच एरवी बाजरीच्या भाकरीबरोबर लागते. गर पाण्यात कोळून, गाळून, गूळ आणि वेलची घातली की सरबत तयार.

कवठाच्या गरात पेक्टिन भरपूर असतं. म्हणूनच त्याची जेली वेगळं काही न घालता छान जमते. आंबटपणाही अंगचाच, त्यामुळे बर्फीला चव येते. नरसोबाच्या वाडीला जाणारे दत्तभक्त पेढ्यांबरोबर कवठाची बर्फी घरी आणतात, ती याच फळाची. श्रीलंकेत गर नारळाच्या दुधात कालवून पितात. जावा बेटावरच्या रेंबांगची कवठाच्या सरबताचा पाक विकणारं गाव म्हणून ओळख आहे. आयुर्वेदात कपित्थाष्टक चूर्ण याच फळाच्या ‘कपित्थ’ या संस्कृत नावानं ओळखलं जातं. खोडातून पाझरणारा डिंकही उपयोगी असतो.

बीडनं डोंगरी फळाला मोठं करून दाखवलेलं आहे. बालाघाटाच्या उतारांवर आपोआप वाढणाऱ्या सीताफळासाठी अंबाजोगाईत संशोधन केंद्र उभं राहिलं आणि २०१६मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण सीताफळ पिकलं की दोन दिवसांत हातातून जातं. कवठ आपल्या कवचात आठवडेच्या आठवडे टिकतं, पोत्यात भरून दूर नेता येतं. त्यासाठी शीतगृह लागत नाही.

हंगामाचंही गणित जुळतं. दिवाळीनंतर बीडमधली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि गावं ओस पडतात. कवठं पिकतात ती साधारण याच काळात, हिवाळ्यापासून शिवरात्रीपर्यंत. गर काढणं, गाळणं, बर्फी आणि जेली करणं ही घरच्या चुलीवर होणारी कामं आहेत. गावात राहिलेल्या बायकांच्या बचत गटाला त्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. लागतं ते फळ, आणि फळासाठी झाड.

म्हणून गायरानात, बांधावर, देवस्थानांच्या मोकळ्या जागेत दरवर्षी झाडं लावताना खड्ड्यांतले काही कवठाच्या कलमांसाठी राखून ठेवायला हवेत. नारायणगडाला आषाढी-कार्तिकीला लोटणारे वारकरी गडाची माती आणि पाऊस दोन्ही ओळखतात. या मातीत टिकणारं, पोटाला आधार आणि हाताला काम देणारं झाड कोणतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. येत्या पावसाळ्यात कलमं मात्र त्यांच्या हाती पोचायला हवीत.