मार्क्स कार्ड, म्हादई आणि कणकुंबी

माझं गाव कणकुंबी. खानापूर तालुक्यातलं, बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. मलप्रभा तिथेच, माऊलीच्या देवळापाशी उगम पावते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात असताना संकेतस्थळावरचा शोध माझ्याकडे सोपवला गेला, तेव्हा पहिला शब्द मी हाच टाकला. काहीच आलं नाही. या पट्ट्यावरचे दोन प्रबंध तर मी स्वतः हाताळले होते. एकाच्या नोंदीत ‘कणकुम्बी’ होतं, दुसऱ्याच्या नोंदीत नाव रोमन लिपीत. अनुस्वार काय नि पाय मोडलेला म काय, वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला ती वेगवेगळी चिन्हं.

सुरुवातीची वर्षं फाँटच्या भानगडीत गेली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण डीटीपीवाले त्यानंतरही कितीतरी वर्षं श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये प्रबंध बसवत. पडद्यावर शुद्ध मराठी दिसायचं आणि आत साठलेली असायची निरर्थक रोमन अक्षरं. त्याआधीचे टंकलिखित प्रबंध स्कॅन केलेले, म्हणजे नुसते फोटो. २००९मध्ये यूजीसीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, शोधगंगा हे प्रबंधांचं सामायिक भांडार उभं राहिलं, पीडीएफचा ओघ सुरू झाला. पण पीडीएफ आली म्हणून तिच्यातला मजकूर शोधता येतो असं नाही, हे वरिष्ठांना पटवण्यात फार काळ गेला. त्याची खंत आजही वाटते. त्या काळातल्या मुलांनी आपल्याच तालुक्यावरचं काम न वाचता प्रबंध लिहिले.

पुढे प्रबंध साठवण्यासाठी डीस्पेस हे सॉफ्टवेअर आलं, त्याच्या पोटात सोलर हे शोधयंत्र. त्यात हिंदीचे नियम तयार होते, मराठीचे नव्हते. हिंदीचेच लावून पाहिले. ते पाय मोडक्या न चा अनुस्वार करतात, म चा नाही. म्हणजे कणकुंबी जिथल्या तिथेच. शिवाय ते दीर्घ स्वर ऱ्हस्व करून टाकतात. मराठीत त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात, ‘सुत’ आणि ‘सूत’ही. ते नियम काढले आणि आपले लिहायला बसलो.

खरी सुधारणा झाली ती मात्र एका वहीमुळे. दर सोमवारी मी ‘शून्य निकाल’ आलेले शब्द काढून वहीत उतरवू लागलो. सगळ्यात जास्त वेळा काय असायचं? ‘मार्क्स कार्ड’. आमच्याकडे घरोघरी हाच शब्द, आणि मराठी पानावर होतं ‘गुणपत्रिका’. लांबून येणाऱ्या मुलाला निकालाचा कागद मिळू नये आणि कारण काय, तर तो आपल्या घरचा शब्द टाकतो! हे दोन शब्द एकच धरावेत अशी जोडी पहिल्याच आठवड्यात शोधयंत्रात घातली.

मग गावांची नावं. बेळगाव, १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं अनुस्वाराचं बेळगांव, बेळगावी, आणि १ नोव्हेंबर २०१४ला अधिकृत नाव बदलल्यावर रोमन लिपीतली दोन रूपं. खानापूर टाकलं की सांगली जिल्ह्यातलं, विट्याकडचं खानापूरही यायचं. तिथे जोड्या वाढवून भागणार नव्हतं, जिल्हा वेगळा नोंदवावा लागला. सर्वांत अवघड म्हादई. आमच्याच तालुक्यात उगम पावणारी नदी कर्नाटकच्या कागदांत महादायी, गोव्यात म्हादई आणि पुढे मांडवी. कणकुंबीजवळच्या कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून वाद झाला, २०१०मध्ये लवाद नेमला गेला, २०१८मध्ये निवाडा आला. एका नावाने शोधणाऱ्याला एकाच राज्याची बाजू दिसावी, ही अभ्यासाच्या जागी मला अक्षम्य गोष्ट वाटत होती. तिन्ही नावं जोडली. मांडवी जोडताना मन कचरलं, कारण मुंबईतही मांडवी आहे. तरी जोडली, आणि नदीविषयीच्या नोंदी वर येतील असं केलं.

विभक्तीची रूपं बऱ्यापैकी जमली. ‘घाट’ टाकलं की ‘घाटात’, ‘घाटाच्या’ येतं. अनेकवचनं राहिली, आणि त्यातही ‘ऱ्या’ संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. वही आता माझ्या जागी आलेल्या मुलीकडे आहे. वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात एक ओळ आहे: ‘दरी’ शोधलं तर ‘दऱ्या’ अजून येत नाहीत.