बोटांवरची वीज आणि लॅपटॉपची स्मृती

शाळेतील लॅपटॉप मंद चालू लागला की तो जुना झाला, असे आपण मानतो. पुष्कळदा कारण निराळे असते. रॅम, म्हणजे संगणकाची चालू कामाची स्मृती, कमी पडली की संगणक तिच्याऐवजी साठवणुकीची डिस्क वापरू लागतो आणि ती कितीतरी मंद असते. अशा वेळी रॅमची आणखी एक पट्टी बसवली, तर तोच लॅपटॉप पुढे काही वर्षे उपयोगी पडतो. काम अर्ध्या तासाचे आहे. पण पट्टी निकामी व्हायला बोटाचा एक स्पर्शही पुरतो. असे का होते, ते आधी पाहू.

प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठताना किंवा नायलॉनचे कपडे अंगावर घासताना आपल्या शरीरावर विद्युतप्रभार साठतो. शरीराची धारिता सुमारे 100 पिकोफॅरड धरतात. बोटाला चटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. धारिता गुणिले व्होल्टचा वर्ग, भागिले दोन, या सूत्राने त्या ठिणगीची ऊर्जा 0.45 मिलिज्यूल येते. आपल्या दृष्टीने ती नगण्य आहे.

चिपमधील ट्रान्झिस्टरचे तसे नाही. त्यातील विसंवाहक थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सिलिकॉन डायऑक्साइडचा असा थर दर नॅनोमीटरला सुमारे एक व्होल्ट एवढाच ताण सोसतो. चिपमध्ये संरक्षक मंडले असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. खरी अडचण अशी की, 1000 व्होल्टची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही. शिवाय चिप लगेच बंद पडेलच असे नाही. ती दुबळी होऊन काही महिन्यांनी दगा देऊ शकते.

दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो आणि प्रभार त्यातून निघून जातो. म्हणून कोकणातल्या पावसाळ्यापेक्षा विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हिवाळ्यात अधिक जपावे लागते.

आता कृतीकडे वळू. प्रथम लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहावी. काही लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पटलावरच डाखलेली असते; तेथे नवी पट्टी बसवण्याची सोय नसू शकते. पट्टीचा प्रकारही जुळला पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर4 पट्टीला 260 संपर्कबिंदू असतात आणि ती 1.2 व्होल्टवर चालते. डीडीआर5 पट्टीला 262 असतात आणि ती 1.1 व्होल्टवर चालते. दोघींच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने चुकीची पट्टी बसत नाही. बसत नसेल तर जोर करू नये.

लॅपटॉप पूर्ण बंद करावा. नुसता झोपवलेला असताना रॅमला वीज मिळतच असते. चार्जर काढावा. खालचे झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने उचलावे, कारण धातूचे टोक लिथियम-आयन बॅटरीत घुसले तर आग लागू शकते. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तेथेच थांबवावे. नसेल तर तिची जोडणी सोडवून चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला प्रभार निघून जातो. स्क्रूंची लांबी सारखी नसते. कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा.

पट्टीला हात लावण्यापूर्वी मनगटपट्टा बांधून तो अर्थिंगला जोडावा. त्यात 10 लाख ओहमचा रोध असतो. एवढा रोध असूनही शरीरावरचा प्रभार एक सहस्रांश सेकंदाच्या आत निघून जातो. आणि चुकून 230 व्होल्टच्या तारेला स्पर्श झालाच, तर शरीरातून 0.23 मिलिअँपियरपेक्षा जास्त धारा जात नाही. म्हणून पट्ट्याऐवजी साधी तार मनगटाला कधीही बांधू नये. पट्टा नसेल तर लॅपटॉपच्या आतील उघड्या धातूच्या चौकटीला अधूनमधून स्पर्श करावा, म्हणजे आपण आणि लॅपटॉप एकाच विभवावर येतो.

पट्टी कडेने धरून सुमारे 30 अंशांच्या कोनात खाचेत सरकवावी आणि खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या पकडी 'टक' करून बसतात. मग बॅटरी जोडून झाकण लावावे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना वरची दोन्ही उत्तरे, 0.45 मिलिज्यूल आणि 0.23 मिलिअँपियर, स्वतः काढायला सांगावीत. केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग त्यांनी केलेला असतोच. लॅपटॉपच्या झाकणाखाली तीच वीज विचारात घ्यावी लागते, हे त्यातून कळेल.